कीटकभक्षी वनस्पती घरी बियांपासून रुजवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीनस फ्लायट्रॅप (मिटणाऱ्या सापळ्यांचं झाड), दवबिंदू (पानांवर चिकट थेंब असलेला ड्रॉसेरा), सॅरासेनिया (नळीसारख्या पानांची), घटपर्णी (घटासारख्या पानांची नेपेंथिस) यांच्या बियांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. फसलेल्या पेरणीची कहाणी बहुतेक वेळा दोनच जागी येऊन थांबते: बी खोटं किंवा जुनं होतं, नाहीतर पाण्यात क्षार होते. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न २, ३ आणि ७ तेवढे वाचा आणि मगच पैसे खर्च करा.

१. पहिल्यांदाच बी लावतेय. व्हीनस फ्लायट्रॅपपासून सुरुवात करू का?

नको. फ्लायट्रॅपचं बी रुजतं, पण रोप पाच वर्षं सांभाळायची तयारी लागते, आणि पहिल्या वर्षी ते इतकं चिमुकलं असतं की घरातल्यांना कुंडी रिकामीच वाटते. सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातल्या दवबिंदूने करा. त्याचं नाव ड्रॉसेरा कॅपेन्सिस. बी ताजं असेल तर दोन ते चार आठवड्यांत उगवतं, फ्रिजची भानगड नाही, हिवाळ्यातली सक्तीची विश्रांती नाही. वर्ष-दीड वर्षात फुलतं आणि स्वतःच बी धरतं. ड्रॉसेरा बर्मानी हा आपल्याकडे कोकण-गोव्यात रानात उगवणारा दवबिंदूही चांगला. तो काही महिन्यांतच वाढून, फुलून, बी टाकून संपतो, त्यामुळे एका हंगामात पूर्ण चक्र बघायला मिळतं. फ्लायट्रॅपची फारच हौस असेल तर वाढलेलं रोप विकत घ्या आणि बी दवबिंदूचं लावा.

२. ऑनलाइन '१०० फ्लायट्रॅप बिया' अगदी स्वस्तात मिळतात. निळे, जांभळे, सप्तरंगी पण आहेत. घेऊ का?

निळा फ्लायट्रॅप जगात नाही. सप्तरंगीही नाही. फ्लायट्रॅप हिरवा असतो, सापळ्याच्या आत लालसर असतो किंवा काही वाणांत पूर्ण गर्द लाल असतो. रंग संपले. बाकी सगळी फोटोवर केलेली रंगरंगोटी आहे, आणि ज्या विक्रेत्याच्या दुकानात एक तरी निळा फ्लायट्रॅप आहे त्याच्याकडून हिरव्याचं बीसुद्धा घेऊ नये.

स्वस्त पाकिटातून बहुधा भलतंच काहीतरी निघतं: तुळशीच्या जातीचं बी, गवताचं बी, एखाद्या भाजीचं बी. ते उगवतंही झकास, म्हणून लोक महिनाभर खूश असतात. खरं बी महाग का असतं, तर फ्लायट्रॅपचं फूल हाताने परागीभवन करून घ्यावं लागतं आणि एका फुलात मोजक्याच बिया येतात (प्रश्न १९). खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतः ही झाडं वाढवणारा माणूस. त्याला दोन गोष्टी विचारा: बी कोणत्या महिन्यात काढलं, आणि ज्या झाडाचं आहे त्याचा फोटो आहे का. खरा हौशी माणूस एकाऐवजी दहा फोटो पाठवतो.

३. बी आलं आहे. खरं आहे की नाही हे पेरण्याआधी कसं ओळखू?

भिंगातून बघा.

फ्लायट्रॅप: काळं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं, लांबी साधारण १ ते दीड मिमी. दवबिंदू: बहुतेक जातींचं बी म्हणजे काळी पूड, कॅपेन्सिसचं बारीक आणि लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं. पाकीट उघडताना पंखा बंद करा, हे गमतीने सांगत नाही. सॅरासेनिया: फिकट तपकिरी, थेंबासारखं, २ मिमीच्या आसपास, वरून मेणचट, पाण्यावर तरंगणारं. घटपर्णी: बारीक दोऱ्याचा तुकडा आणि मधोमध किंचित फुगीर भाग, तो फुगीर भाग म्हणजे खरं बी, तो सपाट असेल तर आत काही नाही.

बी मोहरीएवढं गोल असेल, तिळासारखं चपटं असेल किंवा बोटाच्या चिमटीत सहज एकेक पकडता येत असेल, तर ते यांपैकी कशाचंच नाही.

४. माती कोणती घेऊ? लाल माती, शेणखत आणि वाळू चालेल ना?

चालणार नाही. माती नको, शेणखत नको, गांडूळखत नको, आणि 'फक्त चिमूटभर' सुद्धा नको. ही झाडं दलदलीत, धुऊन निघालेल्या निकस जमिनीत वाढणारी आहेत. मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणूनच तर ती किडे धरतात. पोषण भरपूर असलेल्या मातीत त्यांची मुळं जळतात.

घ्यायचं ते पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाईट (फुगवलेले हलके पांढरे खडे), निम्मं-निम्मं. परलाईटऐवजी धुतलेली सिलिका वाळू चालते. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळते. वाळूवर थोडं व्हिनेगर टाका. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती बाजूला ठेवा. बांधकामाची क्रश सँड आणि समुद्राची वाळू दोन्ही बाद.

पीट मॉस घेताना पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. नर्सरीवाल्यांसाठी येणाऱ्या बऱ्याच पीटमध्ये चुना घालून आम्लता कमी केलेली असते आणि सुरुवातीचं खतही मिसळलेलं असतं. भाजीच्या रोपांना ते उत्तम, आपल्याला घातक. खत नाही, चुना नाही, असं लिहिलेलंच घ्या. परलाईट आधी पाण्याने भिजवा, त्याची कोरडी धूळ छातीत जाते.

५. पीट महाग पडतं. कोकोपीट चालेल का?

नाइलाज असेल तर, आणि ते धुतल्यावर. नारळाची सोडणं कुजवताना अनेक ठिकाणी खारं पाणी वापरलं जातं, त्यामुळे कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. कमी क्षारांची वीट आणा, बादलीत भिजवा, पिळा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. पिळून निघालेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पीपीएममध्ये म्हणजे दशलक्षात किती भाग) ५० च्या खाली येईपर्यंत हे करत राहायचं, आणि शेवटची धुणी शुद्ध पाण्याचीच हवी. इतकं शुद्ध पाणी खर्च केल्यावर पीट खरंच महाग होतं का, हा हिशेब तुम्हीच करा. घटपर्णीला धुतलेलं कोकोपीट बऱ्यापैकी मानवतं, फ्लायट्रॅपच्या रोपांना कमी.

६. 'मॉस' म्हणून जे मिळतं तेच स्फॅग्नम का?

बऱ्याचदा नाही. स्फॅग्नम म्हणजे दलदलीत वाढणारं, पाणी धरून ठेवणारं शेवाळ. ऑर्किडच्या दुकानात मॉस या नावाखाली झाडाच्या सालीवरचं साधं शेवाळ किंवा नारळाचा काथ्याही विकतात. खरं सुकं स्फॅग्नम फिकट पिवळसर, लांब धाग्यांचं, हलकं असतं आणि पाण्यात टाकलं की स्पंजसारखं फुगतं. बारीक चिरून ते बी पेरायला छान. जिवंत स्फॅग्नमवर मात्र दवबिंदू पेरू नका, मॉस इतक्या वेगाने वाढतं की कोवळी रोपं त्याखाली गडप होतात.

७. पाणी कोणतं? आमच्याकडे आरओ आहे, ते शुद्धच असतं ना?

पिण्यासाठी शुद्ध. यांच्यासाठी मीटर लावून बघा.

घरगुती आरओ मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. पाण्याला चव यावी म्हणून मशीन थोडे क्षार परत मिसळतं. त्यामुळे आरओचं पाणीही ८०, १००, १२० पीपीएम निघतं. आपल्याला ५० च्या खाली हवं आणि बी रुजवताना जितकं कमी तितकं बरं. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत येतो; या छंदात पहिली खरेदी बियांची न करता त्याची करावी. तंत्रज्ञाला सांगून कंट्रोलर पूर्ण बंद करता येतो, पण मग तेच पाणी घरचे पितात हे लक्षात ठेवा.

दुसरे पर्याय: पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. गच्चीवरची पहिल्या एक-दोन सरींची घाण वाहून जाऊ द्या, मग स्वच्छ ड्रममध्ये झाकून भरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही कमी क्षारांचं असतं. एसीची साफसफाई झाल्यावर पहिले काही दिवस मात्र घेऊ नका, त्यात रसायन येतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण बाटलीवर आम्ल असं लिहिलेलं नाही ना हे पाहा. बाटलीबंद मिनरल वॉटर नको, त्यात क्षार असतात. धरणाचं पाणी येणाऱ्या शहरांत नळाचा आकडा कधीकधी आश्चर्य वाटावं इतका कमी असतो, आणि शेजारच्याच सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर तो काहीशे असतो. म्हणून 'पुण्याचं पाणी चालतं का' या प्रश्नाला उत्तर नाही. तुमच्या नळाचं मोजा. उकळून क्षार जात नाहीत. तुरटीनेही नाही.

८. प्रत्यक्ष पेरायचं कसं?

पीट आणि परलाईट शुद्ध पाण्याने कालवून पिळलेल्या फडक्याइतकं ओलं करा. खाली भोकं असलेली, किमान ७ ते ८ सेंमी खोल प्लास्टिकची कुंडी घ्या. मातीची नको, तिच्यातून क्षार उतरतात. माध्यम भरून वरचा थर चाळून सपाट करा. बी दुमडलेल्या कोऱ्या कागदावर घ्या आणि कागदाला टिचकी मारत पसरून टाका. वर काहीही टाकायचं नाही. बोटाने दाबायचंही नाही. बी इतकं बारीक असतं की मातीखाली गेलं तर उजेडाअभावी झोपूनच राहतं. वरून झारीने पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होईल, म्हणून कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत बोटाच्या एका पेरापेक्षा कमी पाणी भरा आणि ते खालून चढू द्या.

वरून पारदर्शक झाकण: मिठाईचा डबा, केकचं झाकण, पॉलिथिनची पिशवी, काहीही. चार-दोन बारीक भोकं पाडा. जातीचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहून आत खोचा. शाई पुसली जाते.

बर्मानी आणि इंडिका हे आपल्याकडचे दवबिंदू जिथे वाढवायचे तिथेच पेरा, त्यांना पुनर्लागण सोसत नाही.

९. फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात ते सगळ्याच बियांना लागतं का?

सॅरासेनियाला लागतं. ड्रॉसेरा रोटुंडिफोलियासारख्या थंड प्रदेशातल्या दवबिंदूंना लागतं. फ्लायट्रॅपला सक्तीचं नाही, ताजं बी थेट पेरलं तरी उगवतं. कॅपेन्सिस, बर्मानी, घटपर्णी यांना अजिबात नाही. घटपर्णीचं बी ओलं करून गार ठेवलंत तर उलट नुकसान.

कारण सरळ आहे. सॅरासेनिया उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. शरद ऋतूत बी पडतं आणि तेव्हाच उगवलं तर कोवळं रोप बर्फात मरेल, म्हणून ओल्या थंडीचे काही आठवडे काढल्याशिवाय ते जागंच होत नाही. आपण फ्रिजमध्ये तो खोटा हिवाळा देतो. ओल्या आणि चांगल्या पिळलेल्या टिश्यूत किंवा चिरलेल्या स्फॅग्नममध्ये बी घालून झिपच्या पिशवीत बंद करा आणि ४ ते ६ आठवडे भाजीच्या कप्प्यात ठेवा. तिथे ४ ते ५ अंशांच्या आसपास तापमान असतं. फ्रीझरमध्ये नाही. कोरडं बी गार ठेवून उपयोग होत नाही, ते फक्त साठवण असते (प्रश्न २२).

सॅरासेनियाचं बी मेणचट असल्यामुळे भिजत नाही. बाटलीत पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि बी घालून जोरात हलवा, मग स्वच्छ पाण्यात धुऊन टिश्यूत ठेवा. पिशवीवर ठळक चिठ्ठी चिकटवा. सणासुदीच्या फ्रिज-सफाईत अशा पिशव्या पहिल्यांदा जातात.

१०. आपल्या हवामानात पेरणीचा योग्य महिना कोणता?

विदर्भ, मराठवाडा, खानदेश: ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. मे येईपर्यंत रोपांना पाच-सहा महिने मिळतात. त्या उन्हाळ्यात त्यांना सावलीत किंवा घरात दिव्याखालीच ठेवावं लागेल. पुणे, सातारा, नाशिक: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सॅरासेनियाचं बी डिसेंबरात फ्रिजमध्ये टाकून जानेवारीअखेर बाहेर काढलं की वेळ छान जुळते. मुंबई, कोकण, गोवा: कॅपेन्सिस थंडीत, घटपर्णी आणि बर्मानी जूनपासून पुढे, हवेत दमटपणा असतो तेव्हा. दिव्याखाली घरात पेरणार असाल तर महिना गौण आहे, तापमान २० ते ३० अंशांत राहिलं की झालं.

११. उजेड किती? खिडकी पुरेल की ग्रो लाईट घ्यावा?

पूर्वेची खिडकी असेल आणि समोर इमारत नसेल तर पुरेल. झाकलेला डबा दुपारच्या थेट उन्हात ठेवू नका, आत बी शिजतं. ग्रो लाईट या नावाने मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. साधी पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, कुंडीपासून वीतभर उंचीवर, रोज १४ ते १६ तास. रोपं लांबुडकी, फिकट, एका बाजूला झुकलेली दिसली तर उजेड कमी आहे.

१२. पांढरी बुरशी आली आहे. सगळं गेलं का?

नाही. आधी बघा बुरशी कशावर आहे. मेलेल्या, पोकळ बियांवर ती येतेच, जिवंत बी बहुधा तिला दाद देत नाही. बुरशी आलेलं बी टूथपिकने उचलून टाका, झाकण दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा, ताटलीतलं पाणी थोडं कमी करा. तांब्याची बुरशीनाशकं, म्हणजे बोर्डो किंवा निळी पावडर, मारू नका. दवबिंदू आणि मॉस दोघांनाही ती बाधतात. पुढच्या वेळी पीटवर आधी उकळतं शुद्ध पाणी ओतून ते गार करून वापरा. हिरवं शेवाळ धरलं तर पाण्याचा टीडीएस तपासा, बऱ्याचदा क्षार किंवा खत कुठूनतरी येत असतं.

१३. ताटलीत पाणी साठवून ठेवलं तर डास होतील ना? सोसायटीत तक्रार झाली आहे.

होतील, आणि तक्रार रास्त आहे. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, पालिकेचे लोक कुंड्यांखालच्या ताटल्या आधी बघतात ते यासाठीच. आठवड्यातून एकदा ताटली पूर्ण रिकामी करून घासून पुसा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. एक दिवस ताटली कोरडी राहिली तरी कुंडीतल्या ओलाव्यावर भागतं. बाल्कनीत बऱ्याच कुंड्या असतील तर पाण्यात बीटीआय घाला. हा डासांच्या अळ्या मारणारा जिवाणू आहे, झाडांना आणि माणसांना त्रास नाही. ओल्या पीटमधल्या चिलटांच्या अळ्याही त्याने मरतात आणि त्या अळ्याच कोवळ्या रोपांची मुळं कुरतडत असतात. म्हणजे शेजारी खूश आणि रोपंही.

१४. महिना होऊन गेला, एकही कोंब नाही. टाकून देऊ?

जातीवर अवलंबून आहे. कॅपेन्सिस दोन ते चार आठवडे, फ्लायट्रॅप तीन ते पाच, फ्रिजमधून काढलेली सॅरासेनिया तीन ते सहा, घटपर्णी दीड ते तीन महिने. आणि हे सगळं ताज्या बियांचं. मुदत उलटून गेल्यावरही दोन महिने कुंडी ओली ठेवा. सॅरासेनियाचं काही बी दुसऱ्या हिवाळ्यानंतरसुद्धा उठतं.

कॅपेन्सिस सहा आठवड्यांत आलंच नाही तर मात्र बी मेलेलं आहे किंवा मातीखाली गेलं आहे. आधी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पृष्ठभाग नीट पाहा. कोंब टाचणीच्या डोक्याहून लहान असतात, 'काहीच नाही' असं कळवणाऱ्यांच्या फोटोत ते आम्हाला दिसलेले आहेत.

१५. दादा, रोप आलं पण सापळा नाही, साधी दोन पानं आहेत. फसवलं का मला?

अजून नाही. फ्लायट्रॅपची पहिली दोन पानं ही बीजपत्रं असतात, हिरवी, अरुंद, साधी. तिसऱ्या पानाच्या टोकाला सापळा येतो, दोनेक मिलिमीटरचा पण पूर्ण चालू. सॅरासेनियाचंही तसंच, दोन साध्या पानांनंतर छोटी नळी. कॅपेन्सिसची बाळपानं गोल आणि चमच्यासारखी असतात, फोटोतली लांब पट्टीसारखी पानं काही महिन्यांनी येतात. तिसऱ्या-चौथ्या पानालाही सापळा, नळी किंवा चिकट थेंब यांतलं काहीच नसेल आणि रोप मात्र भरभर उंच होत असेल, तर प्रश्न २ कडे परत या.

१६. रोपांना किडे भरवायचे का? खत घालू का?

खत मुळाशी कधीच नाही. भरवणं ऐच्छिक आहे, पण दवबिंदूच्या रोपांत फरक ठळक दिसतो. माशांचं कोरडं खाद्य पिठासारखं कुटून ओल्या टूथपिकच्या टोकाने एका-दोन पानांवर कणभर ठेवा, पंधरवड्यातून एकदा. जास्त झालं की पान बुरशी धरून कुजतं. चिकन, पनीर, उकडलेलं अंडं असलं काही नको. शाळकरी मुलांच्या घरी याची फार राखण करावी लागते. फ्लायट्रॅपच्या बाळसापळ्याला बोटाने मिटवायचा खेळही नको, उगाच मिटण्या-उघडण्यात रोपाची ताकद जाते.

१७. मुंबईत थंडीच नाही. फ्लायट्रॅपच्या रोपांना विश्रांती कशी देऊ?

पहिल्या वर्षी देऊच नका. बियांपासून आलेली रोपं पहिला हिवाळा दिव्याखाली वाढत राहिली तर त्यांचं काही बिघडत नाही, उलट आकार मिळतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापासून मात्र लागते. फ्लायट्रॅपचं मूळ गाव अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीचा छोटासा भाग. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच दमट आणि उष्ण, पण हिवाळ्यात दव गोठतं. पुणे-नाशिकला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाल्कनीत ठेवून बऱ्यापैकी भागतं. मुंबई-कोकणात नाही. तिथे मूळ स्वच्छ धुऊन, जेमतेम ओल्या स्फॅग्नममध्ये गुंडाळून दोन-अडीच महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. मध्येमध्ये उघडून काळी पडलेली पानं काढा. ही दरवर्षीची कटकट नको असेल तर मुंबईकरांनी घटपर्णीकडे वळावं असं माझं स्पष्ट मत आहे.

१८. 'रेड ड्रॅगन' किंवा 'बी ५२' या वाणांचं बी मिळतं. त्यातून तेच झाड येईल?

नाही. ही नावं एकेका निवडलेल्या झाडाला दिलेली आहेत आणि ते वाण फुटवा, पानकलम किंवा ऊतीसंवर्धनानेच तंतोतंत मिळतात. बियांतून येणारी पिल्लं थोडी आईसारखी, थोडी वेगळी. आंब्याची कोय लावून हापूस मिळेलच असं नसतं, तसंच हे. त्या बियांना वाणाचं नाव देऊन विकणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

१९. माझ्या फ्लायट्रॅपला फूल आलंय. बी कसं धरू?

झाड अशक्त असेल तर दांडा बोटभर झाल्यावरच कापा, फुलणं त्याला जड जातं. धडधाकट असेल तर राहू द्या. एकाच फुलात परागकोश आधी पिकतात आणि कुक्षी एक-दोन दिवसांनी तयार होते, तिचं टोक झुबकेदार दिसू लागतं. म्हणून आज उमललेल्या फुलाचा पराग मऊ ब्रशने दोन दिवसांपूर्वीच्या फुलाला लावायचा. चार ते सहा आठवड्यांत फूल सुकून काळं पडतं आणि मधोमध चकचकीत बिया उघड्या दिसतात. कागद धरून काढा, वाट बघितलीत तर सांडतील. सॅरासेनियाच्या बोंडाला मात्र पाचेक महिने लागतात.

२०. घटपर्णीचं बी लावायचंय. त्यात वेगळं काय?

वेळ. घटपर्णीचं बी फार लवकर मरतं, काढल्यापासून महिन्या-दोन महिन्यांत पेरलेलं बरं. वर्षभर जुनं पाकीट म्हणजे पैसे पाण्यात. दमटपणा जास्त लागतो, तापमान २५ च्या आसपास, आणि झाकण कित्येक महिने काढायचं नाही. बीजपत्रांनंतर लगेच चिमुकले घट येतात, ते बघण्याची मजा काही और. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, त्यामुळे घरी एकच घटपर्णी फुलली तर बी धरणार नाही.

मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही वेगळी बाब आहे. तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि सायटिस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही ती आहे. रानातून आणलेलं बी किंवा रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

२१. कासला आणि आमच्या गावच्या सड्यावर दवबिंदू भरपूर दिसतात. तिथलं थोडं बी आणलं तर?

कासवरून फूल तोडणं, बी गोळा करणं, दगड हलवणं, काहीच चालत नाही. ते राखीव वन आहे आणि २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. गावच्या सड्यावर पहारेकरी नसेल, पण तिथली ही झाडं वर्षायू आहेत. पावसाळ्यात उगवतात, पावसाळा सरता सरता बी टाकतात आणि मरतात. पुढच्या वर्षीची सगळी वसाहत म्हणजे जांभ्यावरच्या बोटभर मातीत पडलेलं ते बी. ते पिशवीत भरून आणलं की त्या कातळावर पुढच्या जूनमध्ये जागा रिकामी.

लागवडीतल्या झाडांचं बर्मानी आणि इंडिकाचं बी हौशी लोकांकडे मिळतं, ते घ्या. सडा मात्र बघून ठेवा, पेरणीचं शिक्षण तिथेच आहे. इंडिकाचं बी एप्रिल-मेच्या तापलेल्या कातळावर कोरडं पडून असतं आणि पावसाने भिजल्यावर उगवतं. म्हणून त्याला फ्रिज नको, ऊब हवी. काढल्या काढल्या पेरलेलं बी अनेकदा हट्टाने बसून राहतं. ते कोरडं ठेवून उन्हाळा जाऊ द्या आणि जूनमध्ये लावा. सीतेची आसवंही (युट्रिक्युलेरिया, हीसुद्धा कीटकभक्षी) त्याच सड्यावर असतात, पण घरी बियांपासून वाढवायला ती अवघड आहेत, नवशिक्यांनी नाद करू नये.

२२. उरलेलं बी कसं ठेवू?

कोरडं करून, कागदाच्या पुडीत, पुडी सिलिका जेलच्या पाकिटासह हवाबंद डबीत, डबी फ्रिजमध्ये. प्लास्टिकच्या पिशवीला बारीक बी चिकटून बसतं. अशी साठवण केली तर दवबिंदू आणि सॅरासेनिया काही वर्षं टिकतात, फ्लायट्रॅप पहिल्या वर्षात लावलेलं बरं, घटपर्णीचं साठवूच नका.

२३. अमेरिकेत भाऊ आहे, तो पाकिटातून बी पाठवतो म्हणतो. चालेल का?

साध्या पाकिटातून नाही. भारतात बी आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्तता प्रमाणपत्र लागतं. 'भेटवस्तू' किंवा 'मणी' असं लिहून पाठवलेली पाकिटं जप्त होतात. दहा बियांसाठी हा खटाटोप परवडत नाही, इथेच आपसात अदलाबदल करा. भाऊ तिथेच रोपं वाढवणार असेल तर त्यानेही रोपवाटिकेतलंच बी घ्यावं. उत्तर कॅरोलायनात रानातून फ्लायट्रॅप चोरणं २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे.

२४. आमची द्राक्षबाग आहे, घरात जीए आहे. बी लवकर उगवायला वापरू का?

नाशिक-सांगलीकडून हा प्रश्न हमखास येतो. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल झोपलेलं बी जागं करतं हे खरं, आणि ऑस्ट्रेलियातल्या बिब्लिस जायगँटियासारख्या वणव्याच्या धुरानंतर उगवणाऱ्या जातींना ते उपयोगी पडतं. दवबिंदू, फ्लायट्रॅप, घटपर्णीला गरज नाही. सॅरासेनियाला फ्रिजच बरा, कारण जीए जास्त झालं की रोप दोऱ्यासारखं लांब होऊन आडवं पडतं. वापरणारच असाल तर पावडर आधी अल्कोहोलच्या काही थेंबांत विरघळवा, नुसत्या पाण्यात ती नीट उतरत नाही. आणि बागेवर फवारायला कालवलेलं द्रावण आणू नका, त्यात इतरही काही मिसळलेलं असतं.

२५. फ्लायट्रॅपच्या कुंडीत मी न पेरलेलं दवबिंदूचं रोप उगवलंय. हे कुठून आलं?

शेजारच्या कॅपेन्सिसमधून. त्याचं फूल स्वतःचंच परागीभवन करून घेतं, एकेका दांड्यावर शेकडो बिया होतात आणि वाऱ्याने सगळ्या कुंड्यांत पसरतात. मोठ्या फ्लायट्रॅपला त्याचा त्रास नाही, पण रुजवणीच्या कुंडीत मुळाशी गर्दी होते. लहान असतानाच चिमट्याने उपटून वेगळ्या कुंडीत लावा, कॅपेन्सिसला पुनर्लागण सोसते. नको असतील तर दांडा सुकून तपकिरी व्हायच्या आत कापा, आणि बी हवं असेल तर कापलेला दांडा कागदी पाकिटात उलटा ठेवा.